आधीचा फोटो

२ ऑगस्ट, सकाळी ७.०५

आजपासून रोजनिशी. कालपासून मी महत्त्वाचा माणूस झालो आहे आणि महत्त्वाच्या माणसाने वेळच्या वेळी लिहून ठेवावं. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, त्यामुळे विनय बाजूला ठेवून लिहिता येईल.

काल कुलगुरूंनी बोलावलं. विद्यापीठात नवा प्रकल्प कक्ष निघतोय. कुठल्याही विभागाला काही करून हवं असेल, दाराची बिजागरी असो की नवी प्रयोगशाळा, त्याने आधी या कक्षाकडे मागणी करायची. कक्षाने ती तपासायची, मंजूर करायची आणि पुरी करून घ्यायची. कक्षाचा प्रमुख मी. सध्या प्रभारी. पंधरा डिसेंबरला बाहेरची समिती येणार आहे. तोवर दहा प्रकल्प पूर्ण झालेले दाखवले की कक्ष कायम, आणि मी संचालक. नाही झाले तर परत भूगोल विभागात, पहिल्या वर्षाला सकाळी नऊ वाजता नकाशावाचन शिकवायला. हा दुसरा पर्याय कुलगुरूंनी फक्त सांगायचा म्हणून सांगितला.

पहिल्या वर्षाच्या मुलांनी माझ्याविषयी सह्यांचं पत्र दिलंय, म्हणून मला वर्गातून मोकळं करणं त्यांना भाग होतं, असंही ते म्हणाले. पत्रात काय आहे ते मी विचारलं नाही. तोंडावर स्तुती ऐकायला मला अवघडतं.

घरी बायकोला सांगितलं. ती याच विद्यापीठात वनस्पतिशास्त्राची प्रमुख आहे. तिने विचारलं, मग ही कामं आता मिस्त्री नाही का करणार? म्हटलं, मिस्त्रीच करणार, पण रीतसर. ती म्हणाली, बरं. बत्तीस वर्षांच्या संसारात तिच्या ‘बरं’चा अर्थ मला पक्का कळलेला आहे. अभिमान.

६ ऑगस्ट

कक्षाला खोली मिळाली, एक टेबल मिळालं आणि एक कारकून मिळाला. कारकून मार्चमध्ये निवृत्त होणार. रोज आल्यावर कॅलेंडरवर एक फुली मारतो आणि मग दिवसभर दमलेला असतो.

मी मागणीचा अर्ज तयार केला. अकरा पानं. मागणीचं स्वरूप, मागणीची गरज, गरजेचं समर्थन, समर्थनाचे पुरावे, अपेक्षित परिणाम, अनपेक्षित परिणाम. शेवटच्या पानावर माझी स्वतःची भर: काम झालं हे सिद्ध करायला दोन फोटो चिकटवायचे, एक आधीचा आणि एक नंतरचा. फोटोच्या कोपऱ्यात तारीख छापून आलीच पाहिजे. खाली विभागप्रमुखाची सही. लबाडीला जागाच ठेवलेली नाही.

सोबत परिपत्रक काढलं. मंजूर अर्जाशिवाय स्टोअरमधून खिळासुद्धा मिळणार नाही.

१२ ऑगस्ट

पहिला अर्ज आला, आणि तो नेमका बायकोचा.

वनस्पतिशास्त्राच्या काचघराच्या छताच्या सात काचा गारपिटीत फुटल्या आहेत. आत तिच्या एकशे चाळीस कुंड्या. एका वेलीच्या पिढ्यांवर ती अकरा वर्षं काम करते आहे. दर वर्षी बी धरायचं, दर वर्षी पेरायचं. यंदाचं बी जानेवारीत धरणार. त्याआधी आत थंडी शिरली तर वेली जातील आणि अकरा वर्षं जातील, असं तिने ‘गरजेचं समर्थन’ या रकान्यात लिहिलं आहे. पण ‘अपेक्षित परिणाम’ या रकान्यात फक्त ‘काचा बसतील’. दोन शब्द. अर्ज परत पाठवला.

शिवाय पहिलाच प्रकल्प स्वतःच्या बायकोचा म्हटल्यावर लोक काय म्हणतील? माझ्यावर बोट दाखवायला टपलेली माणसं कमी नाहीत. तिची नोंद यादीत सगळ्यात खाली घेतली. संध्याकाळी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, बरं.

२० ऑगस्ट

मिस्त्रीला बोलावलं. तीस वर्षं नोकरी, कानामागे पेन्सिल, सुतारकाम, नळकाम, वायरिंग सगळं तोच करतो. त्याला सांगितलं की यापुढे तोंडी सांगितलेलं काम करायचं नाही, अर्ज माझ्याकडून मंजूर होऊन आला की मगच हत्यार उचलायचं. त्याने विचारलं की अर्ज यायला किती दिवस लागतील. म्हटलं, ते माझ्यावर सोड. मान डोलावून गेला. शिस्त लागायला वेळ लागत नाही, सांगणारा हवा.

५ सप्टेंबर, दुपारी ३

सतरा अर्ज तपासले. सतराही परत.

पदार्थविज्ञानाच्या प्रमुखाने लिहिलं, ‘प्रयोगशाळेचं दार अंगावर पडतं.’ ही काय तांत्रिक भाषा झाली? हा गृहस्थ बोलताना पुढेमागे डुलतो, मुलं त्याला लंबक म्हणतात. मीही म्हणतो, मनात. रसायनवाल्यांचा नळ गळतो. मिनिटाला किती थेंब ते लिहिलेलं नाही. विचारलं तर उत्तर आलं की थेंब मोजणारा माणूस मिळाला असता तर त्याच्याकडूनच नळ दुरुस्त करून घेतला असता. उर्मट विभाग.

१९ सप्टेंबर

भिंतीवर मोठा तक्ता लावला. मागण्या ४१. तपासणीत ४१. पूर्ण ०. रंगसंगती छान जमली आहे.

३ ऑक्टोबर

निश्चय: सोमवारपासून रोज पाच अर्ज मार्गी लावायचे. आठवड्याला पंचवीस. महिन्याला शंभर. म्हणजे मागण्या कमी पडतील, हीच अडचण.

१० ऑक्टोबर

सोमवारी तक्त्याचा एक कोपरा सुटला. तो चिकटवण्यात दिवस गेला. मंगळवारी डोकं दुखत होतं. बुधवार, गुरुवार अर्जाच्या दुसऱ्या आवृत्तीवर काम, आता चौदा पानं. शुक्रवारी काय झालं ते आठवत नाही, पण काहीतरी होतं.

२१ ऑक्टोबर

कारकून म्हणाला, तीन आठवड्यांत परत पाठवलेला एकही अर्ज सुधारून आलेला नाही. विभाग अर्जाचा अभ्यास करत असावेत. चांगल्या गोष्टीला लोक वेळ देतात.

तरी पूर्ण ० हा आकडा आता थोडा डोळ्यात खुपतो. पंधरा डिसेंबरला आठच आठवडे उरले.

६ नोव्हेंबर, रात्री ११.३०

आजचं आजच लिहून ठेवतो.

स्वतः सगळ्या विभागांत पाहणीला गेलो. म्हटलं, अडचणी डोळ्यांनी बघू. लंबकाचं दार घट्ट बसलेलं. रसायनशास्त्राचा नळ कोरडा ठणठणीत. गणिताचा लोंबता फळा सरळ. सभागृहाची मोडकी पायरी नवी. जिथे जावं तिथे काम झालेलं. माझी एकही सही नसताना.

मिस्त्रीला गाठलं. तो म्हणाला, लोक येताजाता सांगतात, मी येताजाता करून टाकतो. सामान कुठून आणलंस? तर बंद पडलेल्या जुन्या सभागृहातलं भंगार. तिथल्या खिडक्यांच्या काचा कापून त्याने बायकोचं काचघरसुद्धा नीट करून दिलंय. सप्टेंबरमध्येच. तळपायाची आग मस्तकात गेली. दोन महिने ही बाई माझ्याशेजारी बसून चहा पिते आणि ताकास तूर लागू देत नाही.

संध्याकाळी जाब विचारला. तिचं म्हणणं असं की अर्ज परत आला, म्हणजे तो प्रकल्प उरला नाही, म्हणजे तो कक्षाच्या अखत्यारीत येत नाही, म्हणून मिस्त्रीला सांगितलं. मी विचार करून बघितला. नियमात बसतं.

७ नोव्हेंबर, पहाटे ५.४०

झोप नाही, पण उजेड पडला. कामं झालेली आहेत. कामं होणं हाच तर कक्षाचा हेतू. मग ती कक्षाचीच. आयत्या बिळावर नागोबा असं कुणी म्हणेलही. पण त्या बिळाला नोंदणी क्रमांक कुणी दिला?

फक्त कागद पुरे करायचे. दहा प्रकल्प निवडले.

१२ नोव्हेंबर

चार दिवसांत दहाही ठिकाणचे ‘नंतरचे’ फोटो काढून झाले. सुरेख आले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात ठसठशीत तारीख. नऊ विभागप्रमुखांनी सह्याही दिल्या. लंबकाने तर न वाचताच केली, आणि आता दारातून बाजूला व्हा म्हणाला, मुलं आत यायची होती. काचघराच्या कागदावर बायकोनेही सही केली. काचा बसल्यात की नाही एवढंच विचारलंय ना, म्हणाली.

संचालक या शब्दाखाली सही कशी दिसेल ते मागच्या पानावर करून पाहिलं.

१३ नोव्हेंबर

अडचण. ‘आधीचा’ फोटो कुणाकडेच नाही. दार मोडलेलं होतं तेव्हा लंबकाला फोटो सुचला नाही, मिस्त्री बोलावणं सुचलं. यालाच म्हणतात दूरदृष्टीचा अभाव.

कारकुनाने तो चौकोन रिकामा सोडायला सुचवलं. नियम मी केलेला आणि मीच मोडू? मग म्हणाला, दुसऱ्या कुठल्यातरी मोडक्या दाराचा लावू, मोडकी दारं सगळी सारखीच दिसतात. असल्या लबाड्या मी आयुष्यात केल्या नाहीत. दिवसभर विचार केला.

पाच वाजता सुचलं. दार पाच मिनिटं उतरवायचं, फोटो काढायचा, परत चढवायचं. दार तेच, मोडणं तेच. पूर्णपणे प्रामाणिक मार्ग.

१८ नोव्हेंबर

पहिला ‘आधीचा’ फोटो झाला. मिस्त्रीने बिजागऱ्या काढल्या, मी फोटो काढला. काढता काढता तो म्हणाला की तीस वर्षांत लोकांनी नीट करायला बोलावलं, मोडायला पहिल्यांदाच.

परत चढवताना जुन्या स्क्रूंचा आटा गेला. नवे हवेत. स्टोअरकीपरने मंजूर अर्ज मागितला. माझं परिपत्रक त्याने काचेखाली लावून ठेवलंय, बघून बरं वाटलं. तोवर दार भिंतीला टेकवून ठेवलं आहे. दार नाही म्हणून लंबक चौकटीत उभा राहून शिकवतो, मुलांना आत शिरताना त्याला ओलांडावं लागतं.

२४ नोव्हेंबर

सहा झाले. रसायनशास्त्रात मिस्त्रीला म्हटलं, थोडं गळू दे. त्याने वायसर काढला तर सगळाच नळ सुटला. त्यांची फरशी वर्षानुवर्षं धुतलेली नव्हती, ती निघाली. गणिताचा फळा एका खिळ्यावर लटकतोय. पायरी उचकटली त्या दिवशी सभागृहात कार्यक्रम होता, पाहुण्यांना उचलून व्यासपीठावर घेतलं.

काही ठिकाणी परत जोडणी राहिली आहे. ती कामं आता नव्याने मागणी करून रीतसर येतील. म्हणजे पुढच्या वर्षाची बेगमीही झाली.

३० नोव्हेंबर

नऊ फोटो पुरे. राहिलं फक्त काचघर.

संध्याकाळी सहज विषय काढला. अर्ध्या तासाचं काम आहे, सात काचा उतरवायच्या, एक फोटो, परत बसवायच्या. तिने हातातलं पुस्तक मिटलं.

“काचघराला हात लावायचा नाही. मला शब्द द्या.”

शब्द दिला. संसारात थोडं नमतं घ्यावं लागतं. दहावा दुसरा कुठला तरी शोधू.

३ डिसेंबर

दुसरा नाही. सगळीकडे एक तर मोडलंय, नाही तर मी मोडलंय.

५ डिसेंबर, दुपारी ४

झालं एकदाचं.

बायको दुपारी परीक्षेच्या पर्यवेक्षणाला, तीन तास. मिस्त्री आधी तयार होईना. बाईंच्या काचांना मी हात लावणार नाही म्हणाला. मी लेखी आदेश दिला. कागद त्याने दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि शिडी लावली. इथे नोंद करून ठेवतो की मी दिलेला शब्द पाळला. मी काचघराला हात लावला नाही. मिस्त्रीने लावला.

त्याने सातही काचा उतरवून खाली गवतावर एकेक करून मांडल्या. छतावरची सातही भोकं एका फोटोत यावीत म्हणून मी मागे सरलो. अजून थोडा मागे. चार काचा पायाखाली आल्या. फोटो मात्र उत्तम आला आहे.

जुन्या सभागृहात आता काच शिल्लक नाही. स्टोअरकीपर म्हणतो, काच आहे, पण मंजूर अर्ज हवा. मंजुरीच्या कागदावर माझी आणि कुलगुरूंची अशा दोन सह्या लागतात, कुलगुरू चौदापर्यंत परगावी. मिस्त्रीने उरलेल्या तीन काचा बसवल्या आणि बाकीच्या भोकांवर ताडपत्री टाकली. बायको पाचला सुटेल. तोवर मी घरी जाऊन झोपणार आहे, कणकण वाटते आहे.

६ डिसेंबर, सकाळी ८

काल रात्री पारा खूप उतरला. ताडपत्री वाऱ्याने उडाली असं मिस्त्री सांगत आला. बायको सहा वाजताच काचघरात गेली होती.

साडेसातला माझ्या कक्षात आली. पहिल्यांदाच आली. बसली नाही. मी परिस्थिती समजावून सांगायला लागलो तर तिने कोरा कागद पुढे ठेवला.

“तातडीचं म्हणून एक सही करा. एवढीच. स्टोअर काच देईल.”

परिपत्रकात तातडीचा रकाना नाही. तो मीच ठेवला नव्हता, कारण तातडी म्हटलं की सगळ्यांनाच असते. आणि बायकोसाठी नियम वाकवला तर पंधरा तारखेला समितीपुढे कुठल्या तोंडाने उभा राहू? हे सगळं तिला शांतपणे सांगितलं. तिने कागद उचलला आणि निघून गेली. ‘बरं’ म्हणाली नाही.

६ डिसेंबर, संध्याकाळी ६

घरी आलो तर पलंगावर कुंड्या. टेबलावर, कपाटावर, खिडक्यांत, न्हाणीघरात कुंड्या. मिस्त्री आणि लंबक हातगाडीवर घालून फेऱ्या मारत होते. लंबकाने मला बघून न बघितल्यासारखं केलं. मी दोन कुंड्या उचलायला गेलो तर मिस्त्री म्हणाला, राहू द्या साहेब.

खुर्चीत झोपणार.

१० डिसेंबर

चार दिवस बायको बोलत नाही. म्हणजे बोलते, पण वेलींशी. माझ्याशी चिठ्ठ्यांतून. आजची: ‘दूध नासलं आहे.’ तारीख घातली नव्हती.

सकाळी दाढी करायला गेलो तर आरशासमोर एक वेल. तिला जरा बाजूला केलं. दाढी करून बाहेर आलो तोवर ती मागच्या जागी होती.

१४ डिसेंबर

कुलगुरू आले. उद्या समिती. दहाही अर्ज पूर्ण, दोन दोन फोटो, सह्या, शिक्के. कारकुनाने फाइलींना लाल फीत बांधली. तक्त्यावर ० खोडून १० लिहिलं, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, हे खरं लिहितो. छपन्न वर्षांच्या आयुष्यात माझ्या नावापुढे कधी काही पूर्ण झालेलं नाही. पीएचडी दोनदा सोडली. लोक समजतात मला याचं काही वाटत नाही.

भाषण पाठ केलं. पहिलं वाक्य, ‘शिस्त म्हणजे काय?’

१५ डिसेंबर

समितीत तिघं. अध्यक्ष दुसऱ्या विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या बाई, केस पांढरे, आवाज मऊ. दहा विभागप्रमुखांनाही बोलावलं होतं. बायको मागच्या रांगेत.

भाषण ‘शिस्त म्हणजे काय’पर्यंत झालं. बाईंनी हाताने थांबवलं आणि फाइली मागितल्या. दहा अर्ज उघडून शेवटची पानं ओळीने मांडली. मग चष्मा लावून फोटोंचे कोपरे वाचले. एक कागद घेऊन काहीतरी उतरवलं. मला वाटलं, शाबासकीचा शेरा.

“सर, हे दार बारा नोव्हेंबरला चांगलं आहे आणि अठरा नोव्हेंबरला मोडलेलं. नळ दहाला चांगला, बावीसला मोडलेला. दहाही ठिकाणी असंच आहे. तुमचा कक्ष नेमकं काय करतो?”

मी सांगितलं की वरचा फोटो आधीचा आणि खालचा नंतरचा, शीर्षकं स्पष्ट आहेत. त्या म्हणाल्या, शीर्षकं वाचली, तारखाही वाचल्या. मी सांगितलं की आधीचे नंतर काढले आहेत. खोलीत कुणीतरी खोकलं. मग मी सगळा प्रकार पहिल्यापासून समजावून सांगितला, दार कसं उतरवलं, फळा कसा सोडवला, काचा कशा पायाखाली आल्या. माझं बोलणं जसजसं पूर्ण होत होतं तसतसं मलाच ते निराळं ऐकू येत होतं. आधी कळस मग पाया, असं समितीतल्या एकाने पुटपुटलं.

बाईंनी विभागप्रमुखांना एकेक करून विचारलं, सध्या तुमच्या कामाची स्थिती काय. लंबक म्हणाला, दार भिंतीला टेकलेलं आहे. रसायनशास्त्र म्हणालं, पाणी मुख्य व्हॉल्व्हला बंद आहे. बायको म्हणाली, तिच्या वेली सध्या आमच्या न्हाणीघरात आहेत.

मग समितीतल्या तिसऱ्याने कागद खाली ठेवला आणि म्हणाला, हा सरळ सरळ बनाव आहे. तेव्हा बायको उभी राहिली.

“बनाव नाही हो. बनाव करणारा माणूस आधी तारीख बदलतो. यांना ते सुचलंसुद्धा नाही.”

माझ्या प्रामाणिकपणाची अशी जाहीर साक्ष पहिल्यांदाच कुणी दिली. इतिवृत्तात घ्यावी अशी मी विनंती केली. त्यांनी घेतली नाही.

१६ डिसेंबर

कक्ष बंद. परिपत्रक मागे घेतलं. कुलगुरूंचं पत्र चार ओळींचं. समितीच्या अहवालात एक वाक्य आहे: ‘कक्षाच्या स्वतःच्याच नोंदीनुसार, या काळात कक्षाने विद्यापीठाच्या दहा सुस्थितीतील वस्तू नादुरुस्त केल्या.’ नोंदी अचूक होत्या हे त्यांनाही मान्य आहे, असा याचा अर्थ होतो.

तक्ता काढला. कारकून परत त्याच्या जुन्या विभागात गेला, जाताना कॅलेंडर घेऊन गेला.

दुपारी मिस्त्रीने स्टोअरमधून काच आणली आणि काचघराचं छत नीट केलं. चाळीस मिनिटं लागली. मग दार, मग नळ, मग फळा. अंधार पडायच्या आत दहाही कामं झाली. मी खिडकीतून बघत होतो. कुठे कागद दिसला नाही.

१७ डिसेंबर, सकाळी १०

नऊचा तास घेतला. मुलं एकोणसाठ होती. नकाशा उलटा टांगला होता, हे पस्तिसाव्या मिनिटाला एका मुलीने सांगितलं.

१८ डिसेंबर

कुंड्या परत गेल्या. घर मोठं वाटतंय.

२० डिसेंबर, संध्याकाळी ५.३०

सुट्टी होती. तरी विद्यापीठात गेलो. म्हटलं काचघरात डोकावू, छत कसं झालंय ते बघू. बायको आत एकटीच स्टुलावर बसून वहीत काहीतरी लिहीत होती. बाजूला नऊ कुंड्या ओळीने ठेवलेल्या. वेली काळ्या पडलेल्या, हात लावला तर पान हातातच येईल अशा.

त्या पहिल्याच रात्री गेल्या, ती म्हणाली, भोकांच्या बरोबर खालच्या. वेलींच्या या वंशाला चौथी ओळ म्हणतात. बाकीच्या ओळींचं जुनं बी जपून ठेवलेलं आहे, चौथीचं होतं ते सगळं पेरलेलं, नवं जानेवारीत धरायचं होतं. मला हे तिने आधी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं, अर्जात लिहिलं होतं, दुसऱ्या पानावर. मी फक्त रकाने भरलेत का ते पाहिलं होतं.

अकरा वर्षं. मला फार वाईट वाटलं. काय बोलावं ते कळेना, म्हणून मी म्हणालो की ही ओळ परत उभी करायची एक योजना आखता येईल, टप्पे पाडता येतील, मी आता मोकळाच आहे, सगळं नीट मांडून देतो. बोलता बोलता एका कुंडीवरची माती सारखी करायला वाकलो.

“तुम्ही काही करू नका,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “इथे बसा फक्त.”

दुसरं एक स्टूल होतं, ते तिने पायाने माझ्याकडे सरकवलं. मी बसलो. हात मांडीवर ठेवले. ती लिहीत राहिली, मधेच उठून एखाद्या वेलीचं पान उलटून बघायची, परत येऊन लिहायची. छतावरून उन्ह सरकत पलीकडच्या भिंतीवर गेलं. पाच वाजता तिने वही मिटली आणि म्हणाली, चला.

दोन तास बसलो होतो. काहीच मोडलं नाही.